घड्याळाची उलटतपासणी

नोव्हेंबर २०२१मध्ये जिनिव्हा शहरात फिलिप्स या लिलावगृहाने एक जुने मनगटी घड्याळ विकले. घड्याळ ओमेगा कंपनीचे, ‘स्पीडमास्टर’ जातीचे, १९५७ साली निघालेल्या पहिल्या मालिकेतले. तबकडी मूळची काळी, पण काळाच्या ओघात सगळीकडे सारखी तपकिरी झालेली. अशा तबकडीवर संग्राहक जीव टाकतात. घेणाऱ्याला सर्व मिळून ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक रक्कम मोजावी लागली. हे घड्याळ खुद्द ओमेगाच्या संग्रहालयासाठी घेतले गेले होते. जून २०२३मध्ये कंपनीनेच जाहीर केले, की हे घड्याळ निरनिराळे भाग एकत्र आणून जुळवलेले आहे आणि या व्यवहारात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता.

या बातमीने युरोपातले संग्राहक हादरले. मला मात्र ती वाचताना आपल्याकडच्या एका जुन्या वादाची आठवण झाली. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासात अस्सल, नक्कल आणि बनावट हे तीन शब्द आपण शंभर वर्षांहून अधिक काळ वापरत आलो आहोत. अस्सल म्हणजे ज्या काळचे म्हणवते त्याच काळचे पत्र. नक्कल म्हणजे अस्सलावरून नंतर उतरवून घेतलेली प्रत. तिच्यात लबाडी असतेच असे नाही. बनावट म्हणजे फसवण्यासाठी रचलेला कागद. वतनाच्या भांडणांत बनावट महजर किती झाले, हे पेशवे दप्तरात बसलेल्या कोणालाही विचारावे. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पिढीने आपल्याला एक शिस्त लावून दिली. बखर कितीही रसाळ असली तरी अस्सल कागदापुढे तिला मागे सरावे लागते. आणि कागद अस्सल ठरवायचा तर त्याचा मायना, शिक्का, वळण, शाई, कालगणना या सगळ्यांचा एकमेकांशी मेळ बसावा लागतो.

माझी पदवी वाणिज्य शाखेची. मोडी शिकलो ती रविवारच्या वर्गात आणि घड्याळे शिकलो ती एका वृद्ध घड्याळजींच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून. गेली वीस-बावीस वर्षे लोक माझ्याकडे जुनी घड्याळे घेऊन येतात आणि विचारतात, ‘हे खरे आहे का?’ उत्तर देताना मी कागदाची तीच शिस्त घड्याळाला लावतो. फरक एवढाच, की कागद एकाच हाताने एका बैठकीत लिहिलेला असतो. घड्याळ मात्र जन्मतःच अनेकांच्या हातून गेलेले असते आणि पुढे दर काही वर्षांनी उघडले जाते. काच फुटते, काटे गंजतात, तबकडी काळवंडते, चावीचा दांडा मोडतो. पन्नास वर्षे वापरलेल्या घड्याळात एकही भाग बदललेला नसेल, तर उलट तिथेच संशय घ्यावा. म्हणून ‘खरे आहे का’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे सहसा देता येत नाही. कोणता भाग केव्हाचा, तो केव्हा आला असावा आणि का आला, असे तुकड्यातुकड्याने सांगावे लागते.

*

या विषयात मुंबईचे स्थान मोठे आहे. फेवर-ल्यूबा हे १७३७पासूनचे स्विस घराणे १८६५च्या सुमारास मुंबईच्या बाजारात उतरले. स्वित्झर्लंडच्या सेंट-इमिए गावाशी नाते असलेली वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६पासून मुंबई आणि कलकत्ता येथे घड्याळे विकू लागली. मशीन स्विस, पण नाव आणि गिऱ्हाईक इकडचे, असा हा व्यवहार होता. रेल्वेचे नोकर, टपालखात्यातले लोक, सैनिक, वकील, मास्तर यांच्या खिशात आणि नंतर मनगटावर हीच घड्याळे आली. वेस्ट एंडच्या एका प्रसिद्ध घड्याळाचे नावच ‘सोवार’, म्हणजे आपला स्वार, घोडदळातला शिपाई. पहिल्या महायुद्धाच्या काळात मेसोपोटेमियात लढणाऱ्या फौजांसाठी हे घड्याळ निघाले, अशी कंपनीची परंपरा सांगते.

पुरुषाने मनगटावर घड्याळ बांधावे ही रीत रुजली तीही त्याच युद्धात. त्याआधी पुरुषाचे घड्याळ खिशात असे आणि मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. खंदकात एका हातात शस्त्र असताना खिशातून घड्याळ काढून झाकण उघडणे परवडणारे नव्हते. मग खिशातल्या घड्याळासारखेच पण लहान मशीन घेऊन त्याच्या केसला दोन्ही बाजूंना तारेच्या कड्या डाखल्या गेल्या आणि त्यांतून चामड्याचा पट्टा ओवला गेला. पांढरी मिन्याची तबकडी, ठसठशीत आकडे, अंधारात दिसावेत म्हणून काट्यांत आणि आकड्यांत भरलेला रेडियमचा रंग, चांदीची किंवा निकेलची केस असे त्या काळातल्या घड्याळाचे रूप होते. हे रूप डोळ्यांत बसले, की पुढची निम्मी तपासणी घड्याळ न उघडताच होते.

उरलेली निम्मी मात्र उघडूनच करावी लागते. ती मी पाच साक्षीदारांच्या क्रमाने करतो.

पहिला साक्षीदार केस. चांदी-सोन्याच्या स्विस केसवर १८८०च्या कायद्यानंतर सरकारी ठसे दिसू लागतात. अठरा कॅरेटला हेल्वेशिया देवीचे मस्तक, चौदा कॅरेटला खार, चांदीला अस्वल किंवा रानकोंबडा. ठसा भिंगाखाली पाहावा. खरा ठसा पोलादी छापाने एका घावात उमटतो, त्याच्या कडा आतून तीक्ष्ण असतात. ओतीव नकलेत त्या विरघळलेल्या गुळाच्या खड्यासारख्या गोल होतात. स्टेनलेस स्टीलची साक्ष आणखी सोपी. हे पोलाद शेफील्डमध्ये १९१३ साली हाती आले, पण घड्याळाच्या केसमध्ये ते सर्रास दिसू लागले १९३०नंतर. स्टीलची केस घेऊन आलेल्या घड्याळाने ‘मी १९१५चे’ असे सांगितले, तर निदान केसपुरती ती साक्ष खोटी.

दुसरा साक्षीदार मशीन. जुन्या मशीनमध्ये लंबकाचे काम करणारे बॅलन्स चाक दोन धातूंच्या पट्टीचे आणि दोन ठिकाणी कापलेले असते, म्हणजे उष्णतेने होणारा फरक ते स्वतःच भरून काढते. उष्णतेचा परिणाम जवळजवळ न होणारे मिश्रधातू शोधल्याबद्दल शार्ल एदुआर गियोम या स्विस शास्त्रज्ञाला १९२०चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वाटेने पुढे १९३०नंतरच्या दशकात नव्या मिश्रधातूंच्या कमानी आल्या आणि अखंड कड्याचे बॅलन्स चाक रुळले. त्याच दशकाच्या मध्याला ‘इंकाब्लॉक’ हे धक्का सोसणारे साधन आले. बॅलन्सच्या आसाची टोके केसाहून बारीक. घड्याळ पडले की तीच आधी मोडत. इंकाब्लॉकमध्ये त्या टोकाचे माणिक घट्ट न बसवता एका नाजूक स्प्रिंगखाली धरलेले असते. ही स्प्रिंग वीणेसारख्या आकाराची असते आणि साध्या भिंगातूनही ओळखू येते. कालनिश्चितीसाठी याहून सोयीची खूण मला दुसरी माहीत नाही.

तिसरा साक्षीदार तबकडी, आणि हाच सर्वांत खोटारडा. पुन्हा रंगवलेल्या तबकडीच्या खुणा शिकता येतात. मूळ छपाईत अक्षरांची जाडी एकसारखी असते. नव्या छपाईत शाई अक्षराच्या कोपऱ्यांत साचते. मिनिटांच्या रेघा मोजून पाहाव्यात आणि त्या काट्याच्या टोकाशी जुळतात का ते पाहावे. तळाशी सहाच्या दोन्ही बाजूंना असणारे ‘स्विस मेड’ हे शब्द सरकलेले, वाकडे किंवा चक्क गायब आढळतात. छोट्या सेकंद काट्याचे वर्तुळ त्या काट्याच्या अक्षाभोवती नसून किंचित बाजूला असते. तबकडी काढून तिची मागची बाजू पाहिली, की कडेला नव्या रंगाचे ओघळ सापडतात.

चौथा साक्षीदार काट्यांतला आणि आकड्यांतला चमकणारा रंग. रेडियमचे आयुष्य प्रचंड. त्याची ताकद निम्मी व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. पण त्याच्याबरोबर मिसळलेले झिंक सल्फाइड काही दशकांतच जळून जाते, त्यामुळे अस्सल जुना रंग अंधारात जवळपास मुका असतो, तरी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रापुढे टिकटिकतो. १९६०नंतर रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. त्याची ताकद सुमारे १२ वर्षांत निम्मी होते आणि अशा तबकडीवर ‘स्विस मेड’च्या बाजूला बहुधा ‘टी’ हे अक्षर असते. दिव्याखाली धरून अंधारात नेल्यावर हिरवेगार लखलखणारा रंग हा १९९०नंतरचा, मग घड्याळ काहीही सांगो. आणखी एक खूण मला फार विश्वासाची वाटते. रेडियमचे काटे वर्षानुवर्षे एकाच जागी थांबलेले असतील, तर त्यांच्याखाली तबकडीवर काट्याच्या आकाराचा करपट डाग पडतो. डाग रुंद आणि वरचा काटा बारीक असेल, तर काटे बदललेले आहेत. हा रंग मात्र कोणीही खरवडू नये. त्याची पूड श्वासावाटे गेली तर घात करते. अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या मुलींना कुंचल्याला ओठांनी टोक काढायला शिकवले होते आणि त्यांतल्या कित्येकींनी त्याची किंमत प्राणांनी चुकवली.

पाचवा साक्षीदार कागद आणि खरवड. पावती, डबी, हमीपत्र, कंपनीच्या दप्तरातला उतारा हे सर्व मोलाचे. पण सुरुवातीला सांगितलेल्या स्पीडमास्टरने दाखवून दिले, की कागदाशी मेळ बसेल अशी वस्तूही घडवता येते. म्हणून मी कागदाला शेवटी बोलावतो. त्याऐवजी मागचे झाकण उघडून त्याची आतली बाजू तिरप्या उजेडात धरतो. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी घड्याळजी तिथे सुईने आपली खूण, कामाचा क्रमांक, कधी तारीख खरवडून ठेवतो. ही त्याची खासगी वही. ती गिऱ्हाइकासाठी नसते, संग्राहकासाठी तर नसतेच, त्यामुळे तिथे खोटे लिहायचे कोणाला कारण नसते. तिच्यात इंग्रजी, देवनागरी, गुजराती, उर्दू असे सगळे आकडे मी पाहिले आहेत.

*

परदेशी संग्राहकांच्या बोलीत ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दप्रयोग आहे. जुने मशीन, घासून चकचकीत केलेली केस आणि भडक रंगात नव्याने छापलेली तबकडी असे घड्याळ म्हणजे मुंबई स्पेशल. हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. त्यात तथ्य आहे. एचएमटी पायलट हे काळ्या तबकडीचे, साधे, चावीचे घड्याळ. ते आज लाल, निळ्या, गुलाबी तबकड्यांत विकले जाते आणि लांबचा गिऱ्हाईक त्याला दुर्मीळ नमुना समजतो. पण या घड्याळांमागचे कसब कुठून आले, तेही सांगायला हवे. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळे बनवायला सुरुवात केली १९६१ साली. परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. सुटे भाग मिळत नसत आणि मिळाले तरी परवडत नसत. लग्नात मिळालेले घड्याळ माणूस आयुष्यभर वापरी आणि मुलाला देई. अशा वेळी काळवंडलेली तबकडी पुन्हा रंगवून देणारा, दोन बंद घड्याळांतून एक चालू करून देणारा कारागीर समाजाची गरज भागवत होता. तेव्हा त्याचे काम म्हणजे आपल्या तिनांपैकी ‘नक्कल’. तेच कसब वापरून घड्याळ ‘मूळ अवस्थेतले’ म्हणून विकले, की ते ‘बनावट’ होते. रंगाचा हात तोच, फरक विकणाऱ्याच्या तोंडच्या वाक्याचा.

आणि हे वाक्यच सगळ्यात महाग असते. घड्याळाला गोष्ट चिकटली, की त्याची किंमत चढते. त्यात पैशाहून मोठे काही गुंतलेले असते तेव्हा तपासणी अवघड होते.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून तिशीतला एक तरुण माझ्याकडे आला. शिक्षक होता. गावच्या शाळेत पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणींचे एक छोटे दालन उभे राहणार होते. त्यासाठी त्याने घरच्या ट्रंकेतले घड्याळ आणले होते. पणजोबा ११७व्या मराठा पलटणीत होते. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ कुत-अल-अमाराला तुर्कांचा वेढा पडला तेव्हा हे घड्याळ त्यांच्या हातावर होते, असे घरात सांगत. ही पलटण पुणे डिव्हिजनमध्ये होती आणि ती डिव्हिजन वेढ्यात सापडली होती, हे खरे. २९ एप्रिल १९१६ला सुमारे १३,००० जण शरण गेले. घड्याळाच्या तबकडीवर ‘वेस्ट एंड’ आणि ‘सोवार प्राइमा’ ही नावे होती. शहरातल्या एका व्यापाऱ्याने ‘सोवार मेसोपोटेमियात होते’ एवढे सांगून चांगली रक्कम देऊ केली होती.

“सर, मला विकायचं नाही,” तो म्हणाला. “तुम्ही फक्त एक पत्र द्या.”

केस स्टीलची. ती बदललेली असू शकते. तबकडी पुन्हा रंगवलेली. तीही बदललेली असू शकते. बॅलन्स चाक अखंड कड्याचे. तेही नंतर बसवता येते. प्रश्न सुटला तो मशीनच्या मुख्य पट्टीवर. इंकाब्लॉकची जागा वरच्या पुलात आणि खालच्या पट्टीत मुळातच कोरलेली होती आणि त्याच पट्टीवर मशीनचा ठसा होता. इतर भाग बदलले तरी मशीन ते मशीनच राहते; मुख्य पट्टी बदलली तर मात्र जुन्यातले काही उरतच नाही. हे घड्याळ १९३०नंतरच्या दशकाच्या मध्यापूर्वीचे असणे शक्य नव्हते. कुतच्या वेढ्याच्या वेळी ते जन्मालाच आले नव्हते.

झाकणाच्या आत चार नोंदी खरवडलेल्या होत्या. सगळ्या स्वातंत्र्यानंतरच्या. शेवटची गिरणी संपाच्या आदल्या वर्षाची, १९८१ची.

मी त्याला विचारले, घरात आणखी कोण आहे? त्याची आजी होती, नव्वदीला टेकलेली. दुसऱ्या खेपेला तो तिला घेऊन आला. तिने घड्याळ हातात घेतले आणि लगेच म्हणाली, “हे तर ह्यांचं. गिरणीत लागल्यावर म्हमईत घेतलं. मामंजींच्या हातावर घड्याळ म्या कधी बघितलंच न्हाई.” नातवाने विचारले, “मग आजी, इतकी वर्षं बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “मला इचारलं कुनी?”

म्हातारीची साक्षही शेवटी तोंडीच. पण झाकणातल्या नोंदी, स्टीलची केस आणि तिचे म्हणणे यांचा एकमेकांशी मेळ बसत होता; कुतच्या गोष्टीचा यांतल्या कशाशीच बसत नव्हता. १९८१नंतर नोंद नाही यावरून संप, बेकारी, घड्याळ दुरुस्तीला पैसे नसणे अशी साखळी जुळवण्याचा मोह होतो. तो मी आवरला. नोंद नसणे हा कशाचाच पुरावा नव्हे. भोंग्याच्या तालावर जगणाऱ्या एका गिरणी कामगाराने स्वतःचे घड्याळ घेतले आणि ते निदान चार वेळा दुरुस्तीला नेले, एवढे मात्र नक्की म्हणता येते. इतिहासाच्या पुस्तकात या माणसालाही जागा थोडीच असते.

तरुण गप्प झाला होता. त्याचे दुःख मला कळत होते. या भागातून हजारो माणसे त्या युद्धात गेली. त्यांची पत्रे नाहीत, छायाचित्रे क्वचितच, थडगी दूरच्या वाळूत. घरात एखादी वस्तू असावी, जिच्यावर बोट ठेवून ‘हे त्यांचे’ म्हणता यावे, ही भूक खोटी नाही. म्हणूनच तिथे खोटी वस्तू ठेवणे मला जास्त धोक्याचे वाटते. उद्या कोणी जाणकार दालनात आला, त्याने इंकाब्लॉक पाहिले, तर घड्याळाबरोबर पणजोबाही संशयात सापडतील.

ट्रंकेत आणखी काय आहे, असे मी विचारले. काही कागद, एक पितळी लोटा आणि ‘मळलेलं एक पदक’, तो म्हणाला. तिसऱ्या खेपेला ते पदक आले. कांस्याचा चार टोकांचा तारा, मध्ये १९१४-१५ हा आकडा. ५ ऑगस्ट १९१४ ते ३१ डिसेंबर १९१५ या काळात प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात गेलेल्यांना हा तारा मिळे आणि ब्रिटिश फौजेच्या रीतीप्रमाणे त्याच्या पाठीवर नाव ठोकलेले असे. मऊ फडक्याने धूळ पुसली. क्रमांक, हुद्दा, पणजोबांचे नाव, ११७ मराठा. अक्षरांचे ठोके, धातूची झीज, तारेच्या कडीचा घासलेपणा यांत कुठेही विसंगती नव्हती. चमकत नव्हते म्हणून शंभर वर्षे कोणी त्याला उजेडात धरले नव्हते.

मी दोन पत्रे लिहून दिली. घड्याळाच्या पत्रात त्याचे भाग, प्रत्येकाचा काळ, तबकडी पुन्हा रंगवलेली असल्याचा उल्लेख, चार नोंदी आणि आजींचे निवेदन त्यांच्याच शब्दांत. पदकाच्या पत्रात मात्र एक वाक्य मुद्दाम घातले: या पदकावरून हा शिपाई १९१५ संपण्यापूर्वी युद्धक्षेत्रात होता हे सिद्ध होते, तो कुतच्या वेढ्यात होता किंवा नव्हता हे या पदकावरून सांगता येत नाही.

ते दुसरे वाक्य काढता येईल का, असे त्याने विचारले. मी नाही म्हटले. त्याने थोडा वेळ पत्राकडे पाहिले, मग दोन्ही पत्रे घडी करून पिशवीत ठेवली. शाळेच्या दालनात आता तो तारा आहे आणि त्याखाली माझे पत्र, त्या वाक्यासकट. घड्याळ आजींनी परत मागून घेतले.